वाळवंटांतील पिवळा पडदा

ओसाड प्रदेशांत घर बांधणाऱ्यानें कोणता रंग निवडावा? आपणांपैकीं बहुतेक जण म्हणतील, मातीचा; म्हणजे डोळ्यांस खुपणार नाहीं. रंगाच्या बाबतींत आपली भाषाही थोडी भित्रीच आहे. फिका रंग तो ‘सोज्वळ’ आणि ठळक रंग दिसला कीं तो ‘भडक’! चित्रकलेच्या तासाला शेजारणीनें नाक मुरडलें म्हणून आपलें नारिंगी आकाश पुसून टाकणाऱ्या मुली मीं पाहिल्या आहेत, व प्रत्येक वेळीं मला हळहळ वाटली आहे. अशा मुलांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं एका घराची हकीकत सांगतों.

अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत पाम स्प्रिंग्स नांवाचें शहर आहे. तेथें आल्बर्ट फ्राय या शिल्पशास्त्रज्ञानें १९६४ सालीं डोंगराच्या उतारावर स्वतःसाठीं घर पुरें केलें. फ्राय यांचा जन्म १९०३ सालीं स्वित्झर्लंडमध्यें झाला. पॅरिस येथें ल कॉर्बुझिए यांच्या हाताखालीं काम करून ते १९३० सालीं अमेरिकेस गेले. घर अगदीं लहान, सुमारें ८०० चौरस फुटांचें. जागेवर एक प्रचंड खडक होता. तो त्यांनीं फोडला नाहीं. खडकाच्या आकाराप्रमाणें कांच कापून बसविली. त्यामुळें बैठक व निजण्याची जागा यांच्यामध्यें तो खडक घरांतल्या वडीलधाऱ्या माणसाप्रमाणें ठाण मांडून आहे.

आणि रंग? पडदे गर्द पिवळे, छत निळें. हा केवळ छांदिष्टपणा नव्हे. त्या उतारावर एन्सिलिया नांवाचें झुडूप उगवतें. त्याच्या पानांवर पांढरट लव असते. ती ऊन परतवून पाण्याची बचत करते, म्हणून झुडूप राखेच्या रंगाचें दिसतें. परंतु वसंतांत त्याच राखेवर पिवळ्याधमक फुलांचा बहर येतो. पडद्यांनीं रंग घेतला तो या फुलांचा, आणि छतानें आकाशाचा. कडक उन्हांत फिका रंग विटल्यासारखा दिसतो. ठळक रंग मात्र तग धरून राहतो. तथापि त्यांनीं सबंध घर पिवळें केलें नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

मला सर्वांत मोलाची वाटते ती निराळीच गोष्ट. बांधकामापूर्वीं फ्राय यांनीं त्या जागीं दहा फुटांची काठी रोवून वर्षभर सूर्याची गति मोजली. आधीं वर्षभर पाहिलें, मग घर बांधलें. म्हणून त्यांचें धैर्य उद्धटपणाचें वाटत नाहीं. १९९८ सालीं ते निवर्तले व घर तेथील कलासंग्रहालयाकडे गेलें.

विद्यार्थिमित्रहो, संकोचानें निवडलेला फिका रंग म्हणजे सुरुचि नव्हे, आणि न पाहतां फांसलेला ठळक रंग म्हणजे धैर्य नव्हे. आपल्या भोंवतालचें डोळे भरून पाहा. पाहिलेलें खरें असेल तर कोणी हंसलें तरी तो रंग पुसूं नका. पालकांसही विनंति कीं, ‘भडक’ हा शब्द उच्चारण्यापूर्वीं, हा रंग तूं कोठें पाहिलास, एवढें मुलास अवश्य विचारावें.