पाणी जाईन कुठी, सर?



नकाशा म्हटलं की आपल्या वर्गात काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. छापील आराखडा घ्यायचा, निळ्या पेन्सिलीनं नदी, तपकिरी रंगानं डोंगर, की झालं. गुण मिळतात. मीही कित्येक वर्षं असंच शिकवलं. पण नदी त्याच वाटेनं का जाते, हे मुलांनी मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मग एका वर्षी सातवीच्या वर्गाला म्हटलं, "या वेळी भारताचा नकाशा नको. जो देश कुठंच नाही, त्याचा नकाशा काढू." वर्ग एकदम जागा झाला.

आमची शाळा बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली. संगणक जुनेच. त्यांवर मी 'गिम्प' नावाचं चित्रं करण्याचं सॉफ्टवेअर टाकलं. ते फुकट मिळतं.

आता कृती नीट वाचा. आधी नवीन कोरं चित्र उघडा. 'फिल्टर्स'मध्ये 'रेंडर', त्यात 'नॉइज' आणि त्यात 'सॉलिड नॉइज' निवडा. पडद्यावर ढगांसारखे काळे-पांढरे डाग दिसतील. हेच तुमचे डोंगर! काळं म्हणजे सखल, पांढरं म्हणजे उंच, मधला करडा रंग म्हणजे मधली उंची. या डागांमागचं गणित केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकात शोधलं. त्यासाठी १९९७ मध्ये त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. सिनेमातले खोटे डोंगर, खोटे ढग अशाच गणितातून उभे राहतात.

या करड्या चित्राची एक प्रत तशीच जपून ठेवा. दुसऱ्या प्रतीला 'ग्रेडियंट मॅप'नं रंग द्या : सर्वांत काळ्या भागाला निळा, मग हिरवा, मग तपकिरी, शेवटी पांढरा. समुद्र, मैदान, डोंगर, शिखर वेगळे दिसू लागतात. मग 'बंप मॅप' वापरून जपून ठेवलेल्या प्रतीच्या आधारे उजेड-सावली द्या. सपाट चित्रात उंचवटे दिसतात. मुलं तर पडद्यावर बोटं फिरवून पाहत होती.

एका मुलाला त्याच्या देशात लोणार हवंच होतं. त्यानं करड्या चित्रात मऊ ब्रशनं काळा गोल काढला आणि छान विवर तयार झालं. नंतर उजेडाची दिशा बदलता बदलता त्यानं प्रकाश खालून आणला आणि ओरडला, "सर, लोणारचा तं डोंगर झाला!" आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय असते. तो खालून आला की खड्डा फुगलेला दिसतो. म्हणूनच नकाशाकार बहुधा वरच्या डाव्या कोपऱ्यातून उजेड देतात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर एका चुकीच्या सावलीनं टेकडी होतं, हे त्या दिवशी वर्गानं स्वतः पाहिलं.

आता खरी गोष्ट सांगतो.

वर्गातल्या एका मुलीनं सुंदर देश केला होता. डोंगरापलीकडे मैदानात एक तळं, तळ्यातून निघालेली नदी आणि ती नदी थेट डोंगर चढून अलीकडच्या गावात आलेली. मी तिच्या वहीत लाल शेरा मारला : "पाणी वर चढत नाही."

ती म्हणाली, "सर, देश तं खोटाच हाये ना? मंग पाणी वर चढलं तं काय झालं?"

वर्ग हसला. मी मात्र गप्प झालो. कारण तिचं घर मला माहीत होतं. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा हा भाग खारपाणपट्ट्यातला. तिच्या दारातल्या हातपंपाचं पाणी खारं, पिण्याचं पाणी लांबून आणावं लागतं. निदान खोट्या देशात तरी गोडं पाणी गावापर्यंत यावं, एवढंच तिला हवं होतं. आणि मी तिथंही लाल शेरा मारला होता.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर आपलाच जिल्हा काढला. वर अजिंठ्याच्या डोंगररांगा, म्हणजे आपलं घाटावर, आणि खाली पूर्णेचं मैदान. घाटावर पडलेला पाऊस पैनगंगेला मिळाला, तर वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागरात जातो. त्याच डोंगराच्या अलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस पूर्णेत येतो, तिथून तापीत आणि मग अरबी समुद्रात. एकाच ढगाचं पाणी दोन समुद्रांत! पाण्याला फक्त उतार कळतो.

"सर, मंग माह्या देशातलं पाणी जाईन कुठी?" तिनं विचारलं.

"तूच शोध," मी म्हटलं.

ती संगणकावर बसली. तिनं गाव हलवलं नाही, नदीही हलवली नाही. करडं चित्र उघडून विचारलं, "डोंगर कापू का, सर?" मग तिनं फिक्या काळ्या ब्रशनं डोंगरातून खिंड कोरायला घेतली. थोडं कोरायचं, रंग देऊन पाहायचं, परत कोरायचं. मध्येच वीज गेली आणि न साठवलेलं काम उडालं. तिनं पुन्हा सुरुवात केली. डोंगर उभा करायला संगणकाला क्षणभर लागला होता, तिला खिंड कोरायला तीन तासिका लागल्या. पण आता तळं उंचावर होतं, गाव खाली होतं आणि मधला प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा थोडा गडद होता. वाटेत दोन ओढे नदीला येऊन मिळाले होते. नदीला सहसा फाटे फुटत नाहीत, तिला ओढे येऊन मिळतात, हे तिला मी शिकवलं नव्हतं.

या नकाशानं तिच्या घरी गोडं पाणी आलं, असं मी लिहिणार नाही. हंडा अजूनही लांबूनच येतो. पण पुढच्या आठवड्यात तिनं विचारलं, "आपल्याच गावचं पाणी खारं काहून, सर?" मग आम्ही पूर्णेच्या गाळाबद्दल, त्यात साचलेल्या क्षारांबद्दल आणि पाण्याचा नीट निचरा न होणाऱ्या काळ्या जमिनीबद्दल बोललो. तासिका संपली तरी कुणी उठलं नाही.

तिच्या वहीतला लाल शेरा मी खोडला नाही, कारण तो चुकीचा नव्हता. त्याच्याखाली एक ओळ जोडली : "पण वाट कोरता येते."

तुमच्यासाठी कृती : तुमच्या काल्पनिक देशात एक गाव ठेवा. त्या गावाचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, ते बोटानं दाखवा. मग घराबाहेर या आणि तुमच्या अंगणातल्या पाण्याबद्दल हेच दोन प्रश्न विचारा.