त्याच खड्ड्यातलं चौथं झाड

आमच्या शाळेच्या कुंपणाला लागून, हापशाच्या अलीकडं, एक खड्डा आहे. 2019 च्या जुलैत त्यात वड लावला. नारळ फुटला, फोटो निघाला, सरपंचताईंनी पहिली झारी घातली. 2020 मध्ये शाळा बंद होती, तरी आम्ही दोघा-तिघा शिक्षकांनी तोंडाला मास्क बांधून त्याच खड्ड्यात करंज लावला. 2021 मध्ये पुन्हा करंज. तेव्हाही शाळा बंदच होती, पण वाडीतली पोरं दिवसभर मैदानातच असायची. त्यातला एक पाचवीतला मुलगा रोप धरून उभा होता. त्यानं खड्ड्यात वाकून बघितलं आणि विचारलं, ‘‘बाई, ह्यातलं मागचं झाड कुठं गेलं?’’

उत्तर मला माहीत होतं. ते मे महिन्यात गेलं होतं. त्याच्या मागचंही मे महिन्यातच गेलं होतं.

मी माणदेशातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते सातवी, मुलं 86, शिक्षक चार. सह्याद्रीनं अडवून उरलेला पाऊस आमच्या वाट्याला येतो. वर्षाचा साडेचारशे मिलिमीटर धरायचा, आणि त्यातलाही बराचसा सप्टेंबरात, परतीचा. पाण्यासाठी राबणं या तालुक्याला नवीन नाही. 2018 सालची वॉटर कप ही जलसंधारणाच्या कामांची स्पर्धा आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं जिंकली. पण शिवारात मुरवलेलं पाणी शाळेच्या कुंपणापर्यंत चालत येत नाही. आणि शाळेतली झाडं दुष्काळापेक्षा सुट्टीनं जास्त मरतात. एप्रिल सरतो, फाटकाला कुलूप लागतं, जूनच्या मध्यावर ते उघडतं. मधल्या सहा आठवड्यांत दोन वर्षांचं रोप काडी होऊन जातं.

त्या ऑक्टोबरात शाळा उघडली आणि मी सातवीच्या वर्गाला टेप दिली. छत मोजा म्हटलं. दोन खोल्या आणि व्हरांडा मिळून पंधरा मीटर लांबी, आठ मीटर रुंदी. एकशे वीस चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, हे पोरांना पटायला पूर्ण तास गेला. मग फळ्यावर गणित पळालं. एकशे वीस गुणिले साडेचारशे, चोपन्न हजार लिटर. वीस टक्के उडून, सांडून गेलं धरलं तरी त्रेचाळीस हजार दोनशे. दीडदोन किलोमीटरवरून हंडा आणणाऱ्या आयांच्या पोरांनी तो आकडा बघितला आणि वर्ग गप्प झाला. एवढं पाणी दरवर्षी पागोळ्यांतून खाली पडून अंगणातल्या मातीत चिखल करून जात होतं.

आता पैसे पाहिजेत, एवढंच राहिलं होतं. मला वाटलं, एवढंच.

कुणीतरी सांगितलं, सीएसआरचा पैसा मिळतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते, आणि त्या कामांच्या यादीत शिक्षणही आहे, पर्यावरणही आहे. आमच्या कामात दोन्ही होतं. एका कंपनीच्या प्रतिष्ठानचा अर्ज ऑनलाइन होता, सगळा इंग्रजीत. मी मराठी माध्यमाची. चौदा रात्री तो अर्ज भरत होते. ‘आउटपुट’ आणि ‘आउटकम’ असे दोन वेगळे रकाने होते, आणि दोन्हींत मी तेच लिहून ठेवलं होतं. डाएटमधल्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या, एका मैत्रिणीनं फोनवर फोड करून सांगितली: झाडं लावली हे आउटपुट, झाडं जगली हे आउटकम. खरं सांगते, त्या अख्ख्या अर्जात मला शिकवणारं काही असेल तर एवढंच. आमच्या शाळेचा तीन वर्षांचा आउटपुट उत्तम होता.

पण त्या प्रतिष्ठानात पाच लाखांच्या खालचा प्रस्ताव घेतच नव्हते. मग आम्ही काय केलं, तर गरज फुगवली. मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘मागायचंच तर मोकळ्या हातानं मागू.’’ पंचवीस हजार लिटरची टाकी, तीनशे झाडं, भिंतींवर पर्यावरणाची चित्रं, एक सौर पंप. तीनशे झाडं लावायला आमच्या शाळेत जागा नाही. लिहिताना हे मला माहीत होतं, आणि तरी लिहिलं. फक्त एक ओळ मी मनापासून लिहिली होती: देखभाल, दरसाल सहा हजार रुपये, तीन वर्षं. टाकी धुणं, पन्हाळीची जाळी बदलणं आणि मे महिन्यात पाणी घालणाऱ्याला मानधन.

अर्ज पाठवायच्या आदल्या रात्री शेवटच्या पानावर कळलं की, संस्थेचं 12ए आणि 80जी प्रमाणपत्र आणि सीएसआर-1 चा नोंदणी क्रमांक जोडायचा आहे. कंपनी स्वतः काम करणार असेल तर गोष्ट वेगळी, पण पैसा दुसऱ्या संस्थेच्या हातून खर्चायचा तर एप्रिल 2021 पासून ती नोंदणी हवीच. जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे काही ट्रस्ट नव्हे. धावाधाव करून तालुक्याच्या गावातली एक संस्था गाठली. त्यांनी आपल्या नावावर अर्ज घातला, त्यांच्या प्रशासकीय खर्चाची ओळ वर चढवली आणि आमची देखभालीची ओळ, ‘‘हे बसणार नाही,’’ म्हणून खाली ढकलली.

फेब्रुवारी 2022 मध्ये प्रतिष्ठानचे एक अधिकारी पाहणीला आले. सज्जन माणूस. बूट काढून वर्गात बसले, पोरांचं गणित बघितलं, खूश झाले. कुंपणाजवळ गेल्यावर मी देखभालीचा विषय काढला. ते म्हणाले, ‘‘मॅडम, रिकरिंग खर्च आम्ही देत नाही. तो शाळेनं उचलायचा असतो.’’ मी म्हटलं, ‘‘सर, आउटकम तर तुम्हीच विचारलंय.’’ ते हसले. त्यांच्याही वर कोणी असणार.

महिन्याभरानं नकार आला. भाषा गोड होती. कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायद्यातच आहे, आणि आमच्या वाडीच्या आसपास कारखाना म्हणावा असं काहीच नाही. म्हणजे जिथं पाणी नाही तिथं कारखाना येत नाही, आणि कारखाना नाही म्हणून टाकीही येत नाही. यात त्या प्रतिष्ठानचा दोष म्हणावा तर तोही नाही. मी मात्र दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. राग नकाराचा नव्हता. तीनशे झाडं लिहिल्याचा होता.

त्याच मार्चमध्ये इको क्लबचे पैसे खात्यावर दिसले. समग्र शिक्षा योजनेतून उच्च प्राथमिक शाळेला इको क्लबसाठी वर्षाला पंधरा हजारांपर्यंत मिळू शकतात. आता एकतीस मार्चच्या आत खर्च दाखवायचा आणि उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. मार्चच्या उन्हात रोपं आणून लावणं म्हणजे त्यांना जिवंत पुरणं. इतकी वर्षं आपण अशा वेळी काय करतो? फलक रंगवतो, बॅनर छापतो, कुंड्या घेतो. पण छताला पन्हाळी बसवायला मार्चसारखा महिना नाही. पीव्हीसीचे पाइप, पन्हाळी, जाळी, दोन खोरी, दोन घमेली, चार झाऱ्या. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, तीन कोटेशनं, पक्कं बिल. जूनच्या पहिल्या पावसात पन्हाळीतून पाणी एका जुन्या बॅरलमध्ये पडलं, आणि बॅरल वीस मिनिटांत भरून वाहायला लागलं. सगळी पोरं भिजत उभी. घरी जा म्हटलं तरी हलेनात.

शंभराच्या आतल्या आमच्या शाळेला संयुक्त अनुदान पंचवीस हजारांचं बसतं, आणि त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो. त्यातून हात धुण्याच्या नळांचं पाणी चर काढून शेवग्याच्या दोन झाडांकडं वळवलं. 86 पोरं जेवणाआधी-नंतर हात धुतात, दिवसाला दीडशे लिटरच्या वर पाणी जातं. ते दोन शेवगे असे फोफावले की बघत राहावं. पुढं टाकीचं भवितव्य त्यांच्यावर ठरणार आहे हे तेव्हा कुणाला माहीत!

टाकीचा मार्ग ग्रामसेवक भाऊसाहेबांनी दाखवला, आणि तो शाळेपासून दोनशे पावलांवर होता. पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीला जो निधी यायचा, त्यातला साठ टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. पावसाचं पाणी साठवणं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. मी चौदा रात्री जागून इंग्रजी लिहीत होते, आणि पैसा चावडीत होता. पण मी गेले त्याच मार्चमध्ये. भाऊसाहेब म्हणाले, ‘‘बाई, यंदाचा आराखडा गेला वर. ऑक्टोबरात या. ग्रामसभेत विषय घ्या.’’

ऑक्टोबरात गेले. या वेळी फुगवाफुगवी नाही. चाळीस झाडं, झाडामागं आठवड्याला दहा लिटर, जानेवारीच्या मध्यापासून वीस आठवडे, आठ हजार लिटर. म्हणजे दहा हजार लिटरची टाकी पुरे. सप्टेंबरात शंभर मिलिमीटर पडला तरी आमचं छत नऊ हजार सहाशे लिटर देतं. सहावीतल्या दोन मुलींनी हे सगळं कार्डशीटवर लिहून ग्रामसभेत वाचलं. एक जण उठलाच, ‘‘आमच्या नळाला पाणी न्हाई, आन् शाळंत झाडांची चैन!’’ त्याचंही खोटं नव्हतं. मुलगी गडबडली, कागदाकडं बघत म्हणाली, ‘‘काका, हे नळाचं पाणी न्हाई. आमच्या छताचं हाय.’’ सभा हसली, आणि तो गडीही हसला.

मग आमच्या समितीचे अध्यक्ष उभे राहिले. पेशानं गवंडी, सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. मला वाटलं पाठिंबा देतील. ते म्हणाले, ‘‘टाकी बांधू. पर मे महिन्यात शाळंला कुलूप असतंय. पानी कोन घालनार, ते आधी सांगा. न्हाईतर टाकीत पानी आन् भायेर वाळल्याली झाडं, असं व्हईल.’’

सीएसआरच्या अर्जातून जी ओळ निघाली होती ती इथं, भर सभेत, आपण होऊन परत आली. सभा गप्प. मागं बायकांच्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी बसल्या होत्या. घर शाळेला लागून. बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, ‘‘म्या घालीन की. पर उन्हाळ्यातल्या शेवग्याच्या शेंगा माज्या.’’

दोन झाडांच्या शेंगा, हंगामात बाजारात धरलं तर बरे पैसे होतात. मिस्त्रींनी तिथंच मान हलवली. पुढच्या आठवड्यात समितीचा ठराव झाला, आणि सरकारी मराठीत तो असा बसवला की, शाळेच्या आवारातील दोन शेवगा वृक्षांचे उन्हाळी उत्पन्न देखभालीच्या मोबदल्यात देण्यात यावे. मुख्याध्यापकांनी सही करताना विचारलं, ‘‘ऑडिटला चालेल ना?’’ म्हटलं, विचारलं तर शेंगा दाखवू.

बाकीचं मग कागदांचं होतं आणि ते कंटाळवाणं आहे. शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक एक लाख दहा हजारांचं आलं, जागेचा उतारा शाळेच्या नावावर नसून ग्रामपंचायतीच्या नावावर निघाला, त्यात दीड महिना गेला. ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांनी उतारा, शाळेचा यूडायस क्रमांक, समितीचा ठराव आणि मोजमाप असा एक संच सप्टेंबरातच तयार ठेवावा, एवढंच सांगते. टाकी 2023 च्या मे-जूनमध्ये झाली. मिस्त्रींनी पन्हाळीच्या तोंडाशी एक फिरता वाकडा पाइप ठेवलाय: पहिले दोन पाऊस छताची घाण घेऊन बाहेर जातात, मग पाइप फिरवून टाकीत सोडायचं. फिरवण्याचा मान सातवीचा.

जुलैत चाळीस झाडं लावली. त्या खड्ड्यात या वेळी कडुनिंब. नारळ फुटला, पण फोटो काढायचा राहून गेला, आणि नंतर जिओ-टॅगचा फोटो मागितल्यावर मला पुन्हा झाडापाशी जाऊन उभं राहावं लागलं.

त्या वर्षीचा ऑगस्ट कोरडा गेला, आणि सप्टेंबरातही टाकी भरली नाही. साडेसहा हजारांवर थांबली. चाळीसातली सहा झाडं गेली, त्यातली दोन शेळीनं खाल्ली. चौतीस राहिली, त्यात खड्ड्यातला लिंब आहे. जानेवारीच्या विसाव्या तारखेपासून दर आठवड्याला दहा-दहा लिटर चालू होतं.

2024 च्या एप्रिलचा शेवटचा शनिवार. मावशींना टाकीची किल्ली दिली, आणि त्या आधी पोरांनी काठी बुडवून पाणी मोजलं: एक हजार सातशे चाळीस लिटर. पाऊस लागेपर्यंत सहा आठवडे. दहा लिटरनं तीनशे लिटर कमी पडत होते. ज्यानं मागचं झाड विचारलं होतं तो आता सातवीत होता. त्यानं फळ्यावर भागाकार केला आणि झाडामागं साडेआठ लिटर ठरवले. सहा लिटर उरतात.