पुढच्या खेपेला

पावसाळ्यात पैनगंगा भरली की यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला दोन काठ एकमेकांपासून खरोखर लांब जातात. अलीकडे उमरखेड-महागाव, पलीकडे नांदेडचा मुलूख. धनोड्याच्या पुलावरून माहूरला जाणाऱ्या भाविकाला ते जाणवत नाही. डोंग्यात बसणाऱ्याला जाणवतं.

डोंगा अरुंद असतो, त्याचा काठ पाण्याच्या फार वर नसतो. एकजण अचानक उभा राहिला की सगळ्यांचा तोल जातो. म्हणून भोई-ढिवरांच्या डोंग्यात चढताना आधी सूचना येते : "माय, थे गाठोडं मधात ठेव. बसा जी, हलू नका." त्या आवाजात हुकूम असतो आणि माया असते. नावाडी सरळ समोरच्या काठाकडे जात नाही. काठाकाठानं थोडा वर चढतो, मग तिरपा सुटतो, आणि धारच त्याला उताराच्या जागी नेऊन ठेवते. नदीशी हुज्जत न घालण्याची ही पद्धत मला फार सुंदर वाटते.

वाटेत कुणाचं जाळं असतं, कुणाच्या म्हशी पोहत असतात, काठावर बाया धुणं धूत असतात. जाणता नावाडी जाळ्याला वळसा घालतो आणि धुण्याच्या दगडाजवळ वल्हं हळू मारतो. इंजिनाच्या होडीवर ही जबाबदारी आणखी मोठी. इसापूर धरणाच्या जलाशयासारख्या मोकळ्या पाण्यात वेग सोसतो. उथळ, अरुंद पात्रात तिची लाट काठापर्यंत धावते आणि शेजारचा डोंगा भरून टाकू शकते. दोन नावा समोरासमोर आल्या, तर धारेबरोबर येणारीला आवर कमी असतो. चढतीनं तिला वाट द्यावी. मिसिसिपीवरच्या मोठ्या जहाजांसाठीही हाच नियम आहे.

पण नावाड्याचं सगळ्यात मोठं सौजन्य म्हणजे नकार. रामकथेतला केवट आठवा. पाय धुतल्याशिवाय त्यानं प्रत्यक्ष रामालाही नावेत घेतलं नाही. लोक त्यात भक्ती पाहतात. मला त्यात आपल्या नावेची अट राजपुत्रालाही घालणारा नावाडी दिसतो. आमच्या काळ्या मातीच्या काठावर तर चिखलाचे पाय धुऊन नावेत चढणं हा शहाणपणाच आहे.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावतीच्या वरूड तालुक्यात, झुंजजवळ, वर्धा नदीत नाव उलटली. ११ जण गेले. दशक्रियेसाठी जमलेल्या नातलगांवर पुन्हा सुतक आलं. हीच वर्धा पुढे यवतमाळच्या पूर्व सीमेवरून वाहत जाते. त्या दिवसापासून "अजून एकाला घ्या हो, होते जागा" हे वाक्य मला ऐकवत नाही. ते आपण प्रवासीच म्हणतो, बाजाराला उशीर होतो म्हणून, लग्नघरी वाट पाहतात म्हणून. खेपेमागे चार पैसे मिळवणाऱ्या माणसाला नाही म्हणणं आधीच जड जातं. त्यावर आपण आग्रहाचं ओझं टाकतो.

तेव्हा नावाडी म्हणाला, "आता नाई जी, पुढच्या खेपेला," तर रागावू नका. काठावर थांबा, आणि मागून येणाऱ्यांनाही थांबवा.