दान पोहोचलं, हक्क कधी पोहोचणार?

पेण-रोह्याच्या डोंगरांना उन्हाळ्यात वणवे लागतात, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. रात्री अंगणातून डोंगरावर लाल रेघ दिसायची. ती कुणाच्या घरापर्यंत उतरते, हे मात्र एका कातकरी वाडीवर मदत घेऊन गेलो तेव्हा कळलं.

कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर. काही उरलं नव्हतं. वर्गणी काढून नेलेले तांदूळ, भांडी, चादरी आम्ही यादीप्रमाणे वाटल्या. फोटोही काढले. तेव्हा एक आजी म्हणाली, "पोरांनो, दिलंत ते बरं केलंत. पण वीटभट्टीवर गेलेत त्यांचं काय? आणि घर बांधायचं ते कुणाच्या जागेवर?"

मित्रांनो, आमच्याकडे उत्तर नव्हतं. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं भट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. वणवा येतो तो नेमका त्यांच्या माघारी. बंद घरांची नावं आमच्या यादीत नव्हतीच. रेशनकार्ड, जातीचा दाखला जळाला, हे त्यांना परतल्यावर कळणार. दात्याला पुढे आलेला हात दिसतो. गैरहजर माणूस दिसत नाही. त्या दिवशी आम्हीही नुसते दातेच झालो होतो.

दान वाईट नाही. दानपारमिता मानणारे आम्ही. पण दानाने आजची चूल पेटते, जमीन नावावर होत नाही. त्यासाठी २००६चा वनहक्क कायदा आहे. त्यात जमिनीचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे मिळतो आणि सामूहिक वन राखण्याचा अधिकार ग्रामसभेला. पिढ्यान्‌पिढ्या दळी जमीन कसणाऱ्यांच्या हाती हे आलं, तर जाळरेषा कुठे काढायची ते वाडीच ठरवील. कंपन्यांच्या मदतीचंही तेच. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे आहेत. ही दया नव्हे, कायदेशीर जबाबदारी आहे. मग धाटावच्या कारखान्यांशेजारच्या वाड्यांनी हात का जोडावेत?

२० मार्च १९२७ रोजी याच जिल्ह्यात, महाडला, बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते घागरभर पाणी मागायला नव्हे, हक्क बजावायला.

म्हणून आम्ही ठरवलंय: पुढच्या वेळी यादी वाडीच्या बैठकीत वाचायची, भट्टीवरच्यांची नावं आधी घ्यायची, आणि तांदळाच्या गोणीसोबत वनहक्क दाव्याचा अर्जही न्यायचा. फोटो नाही काढला तरी चालेल.

जय भीम!