फॉर्म भरण्याआधी

पुणे

चि. भाऊस,



व्हॉट्सॲपवरचा तुझा लांबलचक निरोप दोनदा ऐकला. उत्तर कागदावर देते आहे, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. सुभेदारकीची सवय अजून गेलेली नाही.

पेन्शनीत निघालास, आता समुपदेशनाचा कोर्स करायचा आणि माजी सैनिकांसाठी काम करायचं, असं तुझ्या मनात आहे. वर तुझं म्हणणं असं की आपण जे पाहिलंय ते पुस्तकं वाचून आलेल्या पोरापोरींना काय कळणार. हे अर्धं खरं आहे.

आधी त्या खऱ्या अर्ध्याबद्दल. १९७० सालच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेली काही पोरं आपसात बसून बोलू लागली. ज्या युद्धात लढली त्याच्याच विरोधात ती आता उभी होती आणि सरकारी इस्पितळावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. रॉबर्ट जे लिफ्टन आणि हाइम शॅटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले, पण पोरांच्या अटींवर. जागा त्या पोरांच्या युद्धविरोधी संघटनेच्या कचेरीतली, आणि डॉक्टरांनीही स्वतःबद्दल बोलायचं. टेबलापलीकडून टिपणं घेणं बंद. मला हा भाग फार आवडतो.

तेव्हा त्यांच्या त्रासाला अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत यादीत जागाच नव्हती. १९५२च्या आवृत्तीत भयंकर ताणाची म्हणून एक नोंद होती. १९६८ साली, व्हिएतनाम ऐन भरात असताना, तीही काढून टाकलेली. मग रात्री ओरडत उठणाऱ्या माणसाच्या कागदावर छिन्नमनस्कता किंवा दारूचं व्यसन असलं काहीतरी पडायचं. १९८० साली हा त्रास 'पीटीएसडी' या नावानं यादीत आला तो आपोआप नाही. त्यासाठी भांडणाऱ्यांत जॅक स्मिथ नावाचा, व्हिएतनाममधून परतलेला एक मरीनही होता.

तुझ्या कामाचा माणूस मात्र शाद मेशाद. १९७० साली तो व्हिएतनाममध्ये लष्करी अधिकारी होता, आणि सैनिकांची मनं सांभाळणं हेच त्याचं काम. परत आल्यावर लॉस एंजेलिसच्या सरकारी इस्पितळात लागला, पण माणसं तिथे येईनात. तेव्हा हाच रस्त्यांवर, समुद्रकिनाऱ्यावर त्यांना शोधत हिंडू लागला. १९७९ साली कायदा झाला आणि माजी सैनिकांच्या समुपदेशनाची 'व्हेट सेंटर' निघाली, त्यांच्या उभारणीत त्याचा मोठा हात होता. त्या वेळी माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचा प्रमुख होता मॅक्स क्लीलंड. १९६८ साली दोन्ही पाय आणि उजवा हात व्हिएतनाममध्ये गमावून आलेला. ही केंद्रं मुद्दाम इस्पितळापासून लांब, बाजारातल्या गाळ्यांत काढली. आत बसलेल्यांपैकी बरेच जण स्वतः लढून आलेले. आणि तिथली नोंद इस्पितळाच्या कागदात जात नाही. तुला याचं मोल सांगायला नको. 'मेडिकल कॅटेगरी खाली येईल' या भीतीनं आपल्या फौजेत किती जणांनी नुसती डोकेदुखी सांगून गोळ्या नेल्या असतील, ते मला विचारण्यापेक्षा तूच आठव.

आता उरलेलं अर्धं, जे खरं नाही. सारा हेली कधीच सैनिक नव्हती. बाप दुसऱ्या महायुद्धात होता, एवढंच. १९६९ साली बोस्टनच्या सरकारी इस्पितळात ती समाजसेविका म्हणून नव्यानं रुजू झाली, तोच एका सैनिकानं तिला सांगितलं की व्हिएतनाममधल्या माय लाय गावी आपल्या सोबत्यांनी बायकापोरांना मारलं आणि आता तेच आपल्याला मारतील. बाकीच्या मंडळींनी त्याला भ्रम झालाय असं ठरवून टाकलेलं. हेलीनं विश्वास ठेवला. काही आठवड्यांत माय लायची बातमी जगभर झाली. पुढे १९७४ साली तिनं एक शोधनिबंध लिहिला: रुग्ण स्वतःच केलेले अत्याचार सांगू लागला तर ऐकणाऱ्यानं काय करायचं.

हाच प्रश्न मी तुला विचारते. तुझ्याच पलटणीतला कोणी समोर बसून म्हणाला, "साहेब, त्या दिवशी आपल्या हातून झालं ते बरोबर नव्हतं," तर? तू लगेच म्हणशील, ती ड्युटी होती, मनाला लावून घेऊ नकोस. मायेनंच म्हणशील. पण त्याला सुटका नको असते, ऐकणारा हवा असतो. तू पलटणीची अब्रू सांभाळायला गेलास की तो चहा पिऊन उठणार आणि पुन्हा तुझ्या दारात उभा राहणार नाही. हेलीला सांभाळायला पलटण नव्हती. तुला आहे.

आणि दुसरं. "मीही तिथे होतो" हे वाक्य फार तर एकदाच म्हण. त्यानं दार उघडतं. पुन्हा पुन्हा म्हटलंस की त्याची गोष्ट बाजूला पडते आणि तुझी चौकी, तुझं बर्फ, तुझे गेलेले सोबती सुरू होतात. प्रत्येक फौजी आजारीच असतो असंही धरू नकोस. ऐंशीच्या दशकात अमेरिकेनं मोठी पाहणी केली तेव्हा व्हिएतनामला गेलेल्या पुरुषांपैकी साधारण १५ टक्क्यांना पीटीएसडीचा त्रास अजूनही होता. म्हणजे बाकीच्या बहुतेकांना नव्हता.

आपल्याकडे कामाला जागा आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन १४४१६ सुरू आहेच, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यदलासाठी त्याचा वेगळा कक्ष इथे पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, एएफएमसीत, सुरू झाला. पण फोन उचलायलाही कोणाला तरी आधी गावात येऊन दोन शब्द बोलावं लागतं. नाहीतर परत आलेला माणूस हिशेबातही येत नाही. साताऱ्याकडच्या गावांत इंग्रजांनी लावलेल्या पहिल्या महायुद्धाच्या पाट्या पाहिल्यास ना? किती गेले आणि किती मेले, दोनच आकडे. परत आलेले वजाबाकी करून काढायचे. आपले पणजोबा त्या वजाबाकीतले. घरात त्यांच्याबद्दल 'तिरसट होते' यापुढे कोणी काही सांगत नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं. व्हेट सेंटरांत घरच्यांनाही बसवून घेतात. तुझा फॉर्म मी भरून देईन, फीही बघू. पण त्याआधी तुझ्या बायकोला विचार, रिटायर झाल्यापासून तू रात्री कसा झोपतोस. तिचं उत्तर मला तिनंच कळवावं, तू नव्हे. ती म्हणाली की आधी तूच कोणाकडे तरी जाऊन बसावंस, तर यंदाचा फॉर्म राहू दे. मेशादसुद्धा माणसं शोधायला निघाला तो इस्पितळाची नोकरी धरून, एकटा नव्हे.

पोरांना पापा.

तुझी,
अक्का