अर्ध्या आण्याचा न्याय

पोस्टाच्या एका गणिताबद्दल मला लहानपणापासून फार आदर वाटत आला आहे. १८५४ सालापर्यंत आपल्याकडे पत्राचा दर अंतरावर ठरत असे. जितके दूर, तितके महाग! म्हणजे आपल्या माणसांपासून जो सर्वांत लांब पडला, त्यालाच चार ओळींची खुशाली सर्वांत भारी पडायची. त्या वर्षी कायदा झाला आणि पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात देशभर कुठेही जाऊ लागले. मग ते शेजारच्या पेठेत जावो की हिमालयाच्या पायथ्याशी. इंग्लंडात रोलंड हिल नावाच्या गृहस्थाने त्याआधीच सर्वांना हिशेब पटवून दिला होता, आणि १८४० पासून तिकडे एका पेनीत पत्र जात होते. पुढे १८७९ साली आपल्याकडे पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. आजही कार्डाला पन्नासच पैसे पडतात. पोचवण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट, पण वरचा भार सर्वांनी मिळून उचलायचा, हे ठरून गेलेले आहे.

आता ऐन दिवाळीत हे टपालपुराण कशाला, असे आपण म्हणाल. त्याला कारण आमची आक्का.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला वेल्ह्याकडच्या एका खोऱ्यात दिलेली आहे. शासनाने या तालुक्याचे नाव राजगड केले, पण आक्काच्या तोंडी अजून वेल्हेच. पुण्याहून सातारा रस्त्याने निघून भोर तालुक्यातल्या नसरापूरपर्यंत आलात, तर खिशातला मोबाइल मजेत असतो. तिथून उजवीकडे वळून डोंगरांत शिरलात की त्याची प्रकृती ढासळू लागते. एका वळणावर दोन रेघा, पुढच्या वळणावर एक, आणि आक्काचे घर येईपर्यंत रेघांच्या जागी नुसती फुली!

गावात एक दगड आहे. देवळामागच्या टेकाडावरचा. त्याला शेंदूर नाही, पण मान देवाइतकाच, कारण गावात रेंज मिळते ती तेवढ्या दगडावर. २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा आक्काची नात पावसात डोक्यावर इरले घेऊन त्या दगडावर बसून शिकली. महिन्याचे धान्य वाटायच्या दिवशी रेशनचे यंत्रही तिथेच चढते, कारण अंगठा उमटला तरी तो ज्याचा त्याचा आहे हे दूरच्या कचेरीतून कळल्याखेरीज धान्य मिळत नाही. आक्काचे गुडघे धरलेले. सून तिला हात देऊन वर नेते. पाच किलो धान्यासाठी एवढा गड चढायचा!

गेल्या खेपेला मी तिला शहरी शहाणपणाने समजावू लागलो की, आक्का, डोंगरामुळे लहरी अडतात. ती ताटातल्या भाकरीवर तूप वाढीत म्हणाली, "आरं, आमच्या डोंगरातलं पानी तुमच्या पुन्यात बरं पोचतं. मंग तुमची रेंजच तेवढी हिकडं यायला का लाजती?"

मी मुकाट्याने जेवलो. तिचे म्हणणे हिशेबाला धरून होते. आपण पुणेकर सकाळी नळ सोडतो, त्या पाण्यात पानशेत आणि वरसगावचे पाणी असते. भोरच्या भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांनी खालच्या कोरड्या मुलखात ऊस पिकवते. या धरणांखाली जमिनी गेल्या त्या या मावळातल्या लोकांच्या.

आता कंपन्यांचे गणितही पाहू. मोबाइलच्या लहरी डोंगर ओलांडीत नाहीत. सपाट मुलखात एक मनोरा दहा गावांना पुरेल. इथे दर खोऱ्याला वेगळा मनोरा हवा. गिऱ्हाइके मूठभर, त्यात पावसाळ्यात तारांवर झाड पडून वीज गेली की मनोऱ्याची बॅटरी किती वेळ तग धरणार? व्यापारी इथे येत नाही यात त्याचा दुष्टावा नाही. त्याचे गणितच त्याला येऊ देत नाही. म्हणूनच हे काम पोस्टाच्या गणिताने व्हायला हवे.

गंमत अशी की ते गणित सरकारने कधीच मांडून ठेवले आहे. २००२ सालापासून टेलिफोन कंपन्यांच्या हिशेबी उत्पन्नातले पाच टक्के दुर्गम भागाच्या सेवेसाठी वेगळे निघतात. २००३ साली त्या निधीला कायद्याचा आधार मिळाला. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यात त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. म्हणजे तुम्ही-आम्ही दर रिचार्जाला, नकळत का होईना, आक्काच्या मनोऱ्याची वर्गणी भरतोच आहोत! अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली; तीच पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेली. २०२३ साली तिच्या सुधारित रूपासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. पैसा थोडाथोडका नाही.

मग अडते कुठे? माझ्या मते, 'पोचले' या शब्दापाशी. तार ग्रामपंचायतीच्या कचेरीत आली की कागदावर गाव जोडले जाते. पण मावळात एका पंचायतीच्या वाड्या डोंगराच्या दोन्ही अंगांना विखुरलेल्या असतात. भोरमधल्या रायरेश्वराच्या पठारावर तर लोखंडी शिडी चढून जावे लागते, आणि तिथेही जंगम मंडळींची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. पोस्टमन पत्र चावडीवर ठेवून 'पोचले' म्हणत नाही. ते घरी नेऊन देतो. तोच अर्थ इथे धरावा. किती किलोमीटर तार पुरली हे मोजण्याऐवजी महिन्यातले किती तास ती चालली हे मोजावे आणि तो आकडा पंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहावा. तार तुटली तर जोडणारा माणूस तालुक्यातलाच तयार करावा. सरकारी निधीतून उभारलेल्या मनोऱ्यावर दुसऱ्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांनाही बोलता यावे, ही सोय जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. ती चांगली आहे. प्रत्येक खोऱ्यात पोचावी.

दुसरी गोष्ट किमतीची. २०१६ नंतर आपल्याकडे इंटरनेट स्वस्त झाले, हे खरे. पण वर्षाचे महिने बारा असले, तरी अठ्ठावीस दिवसांच्या रिचार्जाचे तेरा होतात! साध्या ब्रॉडबँडचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आत असावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने सुचवले आहे. पण दरडोई सरासरीत पुण्याचा इंजिनिअर आणि वेल्ह्याची भात लावणारी बाई एकाच ताटात जेवतात. मोजमाप त्या बाईच्या मजुरीवर व्हायला हवे. फिनलंडने २०१० सालीच एक मेगाबिट वेगाची जोडणी हा प्रत्येकाचा कायदेशीर हक्क ठरवला. आपल्या केरळात २०२३ साली सरकारने स्वतःचे जाळे सुरू केले, ते वीस लाख गरीब कुटुंबांना फुकट जोडणी देण्याचा संकल्प करून. तेव्हा हे अशक्य आहे, असे म्हणायची सोय उरलेली नाही.

आणि तोपर्यंत? तोपर्यंत एक साधा नियम असावा: जिथे रेंज नाही, तिथे रेंजची सक्ती नसावी. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने मोबाइलवर करायची आहे, रेशन अंगठ्यावर, पेन्शनवाल्याचा हयातीचा दाखलाही आता यंत्रावर निघतो. शहरात ही सोय आहे. आक्काच्या खोऱ्यात तीच सोय शिक्षा होते. तिथे वही-शिक्का चालू ठेवावा, आणि यंत्र बोलले नाही म्हणून कुणाचेही धान्य अडू नये.

शहरातल्या आपल्या घरांतून पुढच्या रिचार्जाचे पैसे जातील, तेव्हा त्यातला आपला वाटा कुठल्या डोंगरात पोचला, हे विचारायची सवय आपणही लावून घ्यावी. वर्गणी देणाऱ्याला एवढा हक्क असतो. आक्का आता पंचाहत्तरीची आहे. तिला त्या दगडावर आणखी किती वर्षे चढवायचे?