बंपरला टाके

जुन्या मोटारीच्या बंपरवर घातलेले तारेचे टाके तुम्ही पाहिले असतील. माझ्या मारुती ८०० लाही तसे टाके आहेत. ही गाडी १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

बंपर तडकला, तेव्हा गॅरेजच्या उस्तादांनी प्रथम तड्याच्या टोकाशी बारीक छिद्र पाडले. का बरे? तड्याच्या टोकदार शेवटावर सारा ताण एकवटतो, म्हणून तडा पुढे सरकतो. गोल छिद्रामुळे तो ताण विभागला जातो. मग दोन्ही कडांना छिद्रे पाडून त्यांनी तार ओवली. पुष्कळ बंपर पॉलिप्रॉपिलिनचे असतात. ते उष्णतेने वितळते. म्हणून तडा आतून वितळवून सांधताही येतो.

परंतु तार ओवण्याआधी उस्ताद वाकून बंपरच्या मागे पाहत होते. मी म्हणालो, "उस्ताद, तडा तर पुढे आहे!"

ते म्हणाले, "मास्तर, प्लॅस्टिक फाटलं तर शिवता येतं. मागचं लोखंड वाकलं असेल, तर हे टाके काय कामाचे?"

त्याच गाडीतून माझी मुले शाळेत येतात. म्हणून सांगतो, ठिगळाची लाज बाळगू नका; पण ठिगळ लावण्याआधी त्याच्या मागे काय आहे, ते जरूर पाहा.